सीव्हीटीएसला आलात? हात तयार होतील, बाकीचं कसं शिकायचं ते वाचा

मी डिचोली तालुक्यातला. जनरल सर्जरी संपवून सीव्हीटीएस, म्हणजे हृदय, छाती आणि रक्तवाहिन्यांची सर्जरी, घेतलं तेव्हा घरी कोणाला ते नीट समजावताच आलं नाही, आई अजून शेजारणींना "तो हार्टचा" एवढंच सांगते आणि मग त्या मला लग्नाच्या पंगतीत गाठून छातीत जळजळतं त्यावर गोळी विचारतात. असो. हे लिहायचं कारण असं की दरवर्षी गोव्यातली किंवा सिंधुदुर्गातली दोन-तीन मुलं फोन करतात, सर पुढे काय करू, कुठली फेलोशिप, कॉन्फरन्सला जाऊ का, ओटीत सिनियरशी पटत नाही, आणि प्रत्येकाला मी तेच तेच सांगतो. म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

एक आधीच सांगतो. टाके घालायला तुम्हाला कोणीतरी शिकवेलच, कारण ते शिकवल्याशिवाय सिनियरचं काम हलत नाही. पण टीम कशी चालवायची, स्वतःचे आकडे कसे ठेवायचे, चूक झाली तर उभं राहून कशी सांगायची, ज्युनियरच्या हातात सुई कधी द्यायची, हे कोणी बसवून शिकवत नाही. मला तरी कोणी शिकवलं नाही. ते आपलं आपण ठरवून शिकावं लागतं आणि कन्सल्टंट झाल्यावर नाही, पहिल्या वर्षापासून.

१. आधी रस्ता कुठला ते बघा

हे पटकन सांगतो कारण माहिती सगळीकडे मिळते. एमएस किंवा डीएनबी जनरल सर्जरी झालं की नीट एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा, मग तीन वर्षं एमसीएच किंवा डीआरएनबी ही सुपरस्पेशालिटीची डिग्री. एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचं डीआरएनबी पण आहे, ते अनेकांना माहीतच नसतं. नीट एसएसला १५० प्रश्न, ६०० मार्क, अडीच तास, चुकलं की एक मार्क वजा, आणि पेपर जनरल सर्जरीचाच असतो, तेव्हा हार्टची जाडजूड पुस्तकं आधीच घेऊन बसू नका.

सीव्हीटीएसच्या सीटा रिकाम्या राहतात हे खरंय. म्हणून "युरोलॉजी नाही मिळाली तर हे घेऊ" असं म्हणून येणारे असतात. येऊ नका असं मी म्हणणार नाही, पण सीट घ्यायच्या आधी त्या डिपार्टमेंटला दोन दिवस जाऊन उभे राहा. महिन्याला पंपावरच्या, म्हणजे हृदय-फुप्फुसाचं काम तात्पुरतं करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवरच्या, किती केसेस होतात, शेवटच्या वर्षाचा रेसिडेंट स्वतः काय करतो, छातीचं काम म्हणजे डीकॉर्टिकेशन (फुप्फुसावरचं जाड आवरण काढणं), लोबेक्टमी (फुप्फुसाचा एक भाग काढणं), दुर्बिणीची सर्जरी होते का की नुसत्या बायपासच. हे प्रॉस्पेक्टसमध्ये लिहिलेलं नसतं, कॅन्टीनमध्ये कळतं.

२. कागदांची फाइल आजच करा

- एमबीबीएस, इंटर्नशिप, एमएस, एमसीएचची सर्टिफिकेटं आणि सगळ्या मार्कशीटा, ओरिजिनल आणि स्कॅन
- मेडिकल काउन्सिलचं रजिस्ट्रेशन, आणि एमएस, एमसीएच या ज्यादा डिग्र्यांची वेगळी नोंद
- सीएमई म्हणजे डॉक्टरांच्या चालू शिक्षणाच्या क्रेडिट पॉइंटची सर्टिफिकेटं
- जिथे जिथे काम केलं तिथली एक्सपिरियन्स लेटर, तारखांसकट
- विभागप्रमुखाची सही असलेलं लॉगबुक
- प्रोफेशनल इन्डेम्निटीची पॉलिसी (पेशंटने केस केली तर लागणारा विमा)
- गोव्यात सरकारी पोस्ट हवी असेल तर १५ वर्षं रहिवासाचा मामलेदाराचा दाखला

नेहमीचा घोळ म्हणजे ज्यादा डिग्रीची काउन्सिलमध्ये नोंद राहूनच जाते. बाहेरच्या राज्यात एमसीएच करून परत आलेल्यांचं हे हमखास होतं. दुसरा घोळ एक्सपिरियन्स लेटरचा, सोडताना घेतलं नाही की दोन वर्षांनी तिथले सर बदललेले असतात आणि ऑफिसमधला माणूस तुम्हाला ओळखत नाही. आणि गोवा लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीत कोंकणी येणं आवश्यक असं असतं, मराठी येत असेल तर चांगलं एवढंच. कोल्हापूर-पुण्यात वाढलेल्या आपल्या मुलांनी हे गंमतीत घेऊ नये. नोकरी बाजूला ठेवा, वॉर्डमध्ये म्हातारी "काळजांत धडधडटा" म्हणाली तर कळायला नको?

३. हाताची सवय घरी करा, आणि काळीज नीट मागा

पहिल्यांदा मी म्हापशाच्या मटणवाल्याकडे गेलो आणि ऐटीत म्हटलं, "काळीज द्या, अर्धा डझन." त्याने माझ्याकडे बघितलं आणि कलेजी तोलायला घेतली. कवितेतलं काळीज वेगळं आणि दुकानातलं वेगळं हे तेव्हा कळलं. तर हृदय किंवा दिल असं मागा, बोकडाचं लहान असतं, डुकराचं आपल्या कामाला जास्त बरं कारण माणसाच्या जवळ जातं. आदल्या दिवशी सांगून ठेवा की अख्खं ठेव, चिरू नको आणि वरची नळी बोटभर राहू दे. नाहीतर ते लोक सवयीने महाधमनी अगदी मुळाशी कापतात आणि आत रक्त राहू नये म्हणून उभी चीर देतात, मग तुम्ही कॅन्युलेशनची, म्हणजे पंपाची नळी घालायची, प्रॅक्टिस कशावर करणार?

बाकी सामान स्वस्तात होतं. मुदत संपलेले ७-० आणि ८-० प्रोलीन (टाक्यांचे बारीक दोरे) ओटीतल्या सिस्टरकडे मागा, लिहून मागा आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात "फक्त प्रॅक्टिससाठी" लिहा म्हणजे चुकून परत ट्रॉलीवर जाणार नाही. एक जुना कास्ट्रोव्हिएहो (बारीक सुई धरायचं हत्यार), एक फोर्सेप, आणि बुटाच्या खोक्याला वरून भोक पाडून त्यात हृदय ठेवायचं, म्हणजे छातीत खोल काम करतोय असा कोन येतो. टेबलावर उघड्यावर ठेवून केलेला अनॅस्टोमोसिस (रक्तवाहिन्यांची जोडणी) सगळ्यांनाच जमतो. मोबाईल स्टँडला लावून रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी बघा, आपला डावा हात काय धिंगाणा घालतो ते तेव्हाच दिसतं. लूप्स (डोळ्यांवर लावायची भिंगं) विकत घेताना घाई नको, मानेचा कोन बघून घ्या, पाच वर्षांनी मान दुखायला लागली की आठवण येईल.

४. लॉगबुक स्वतःसाठी ठेवा, परीक्षेसाठी नाही

परीक्षेचं लॉगबुक म्हणजे नुसती केसेसची मोजणी. तुमचं स्वतःचं वेगळं ठेवा, साध्या एक्सेलमध्ये. पेशंटचं नाव लिहू नका, केस नंबर पण आपल्या कोडमध्ये. रकाने एवढे पुरेत: तारीख, निदान, युरोस्कोर दोन, काय केलं, त्यात तुमचं काम काय होतं, पंपाचा वेळ, क्लॅम्पचा वेळ (महाधमनी किती वेळ बंद होती), परत उघडावं लागलं का, आयसीयूत किती दिवस, तीस दिवसांनी कसा आहे.

युरोस्कोर दोन हे २०१२ मध्ये आलेलं कॅल्क्युलेटर आहे, फुकट आहे, वय, किडनी, पंपिंग वगैरे भरलं की ऑपरेशनमध्ये दगावायची शक्यता टक्क्यात देतं. त्याचा खरा उपयोग असा. समजा तुमच्या ५० पेशंटचे टक्के एकत्र केले आणि बेरीज १५० आली, म्हणजे या ५० जणांत साधारण दीड मृत्यू अपेक्षित होता. प्रत्यक्षात किती झाले ते शेजारी लिहा. एवढ्या लहान आकड्यावरून लगेच छाती फुगवायची नाही किंवा रडायचं नाही, पण दरवर्षी तो हिशोब पुढे नेत गेलात की दिशा दिसते. आणि हे मोजमाप मुख्यतः युरोपातल्या पेशंटवर बांधलेलं आहे, आपल्याकडची रूमॅटिक तापाने मायट्रल झडप खराब झालेली पस्तिशीतली बाई, हिमोग्लोबिन आठ, ती त्यात नीट बसत नाही, हे डोक्यात ठेवा.

यातला सगळ्यात अवघड रकाना तीस दिवसांचा. पेशंट सत्तरी तालुक्यातला असो की कुडाळ-सावंतवाडीचा, एकदा घरी गेला की पावसाळ्यात परत येत नाही. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच घरातल्या दोन माणसांचे फोन घ्या, त्यातला एक बाईमाणसाचा घ्या, पुरुष फोन उचलत नाहीत हा माझा अनुभव. मेटलचा व्हॉल्व्ह घातलेल्याला आयएनआर (रक्त किती पातळ आहे ती टेस्ट) कुठे करणार ते विचारून गावाजवळच्या लॅबचं नाव केसपेपरवरच लिहा. "चवथीनंतर येतो" म्हणणारा पेशंट दिवाळीत अडकलेला व्हॉल्व्ह घेऊन येतो.

५. ओटीत बोलायला शिका

यावर जरा जास्त लिहिणार आहे कारण माझी स्वतःची खोड इथेच मोडली.

एका हॉस्पिटलात मी नवा कन्सल्टंट होतो, नाव सांगत नाही. बायपास झाली, पेशंट पंपावरून छान उतरला, सगळे सैल झाले, कोणीतरी गाणी लावलेली. मी मास्कच्या आत पुटपुटल्यासारखं "प्रोटामिन घ्या" म्हटलं आणि टाके बघायला लागलो. ॲनेस्थेटिस्टने ऐकलं आणि चालू केलं. परफ्युजनिस्ट, म्हणजे पंप चालवणारी मुलगी, नवी होती, तिला ऐकूच गेलं नाही. माझ्या असिस्टंटच्या हातात अजून पंपाचा सकर, आणि तो पेरिकार्डियममधलं रक्त ओढतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पंपावर रक्त गोठू नये म्हणून हेपरिन देतात आणि प्रोटामिन त्याचा परिणाम काढून टाकतं, म्हणून प्रोटामिन गेल्यावर ते रक्त पंपात ओढलं तर मशीनमध्येच गुठळ्या होतात आणि परत पंपावर जायची वेळ आली तर मशीन नाही. स्क्रब सिस्टर हळूच म्हणाली, "डॉक्टर, तो सकर पंपाचो न्हय?"

मी काय म्हटलं असेल? "माहितेय मला." चिडून. मग खाली बघितलं आणि सकर काढायला लावला. पेशंटला काही झालं नाही, पाचव्या-सहाव्या दिवशी घरी गेला. पण रात्री जेवताना लक्षात आलं की त्या सिस्टरने परत कधी तोंड उघडलं नाही तर दोष माझाच. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिला थँक्यू म्हटलं. सोपं नव्हतं.

तेव्हापासून जे करतो ते असं.

ऑर्डर नाव घेऊन द्यायची आणि समोरच्याने ती परत म्हणायची. "हेपरिन द्या" असं हवेत सोडायचं नाही. नाव, औषध, आणि तिकडून "हेपरिन दिलं, नऊ बारा." "एसीटी?" "पाचशे दहा." एसीटी म्हणजे रक्त गोठायला लागणारे सेकंद, ते ४८० च्या वर ऐकल्याशिवाय पंपावर जायचं नाही. प्रोटामिनच्या आधी मी मोठ्याने विचारतो, "पंप सकर बंद?" आणि परफ्युजनिस्टचं "बंद" ऐकेपर्यंत थांबतो. पहिले आठ दिवस लोक हसले, सर शाळा घेतात म्हणून.

जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची चेकलिस्ट तुमच्या ओटीत भिंतीवर चिकटवलेली असेलच. १९ मुद्दे, तीन थांबे: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी, पेशंट बाहेर न्यायच्या आधी. बहुतेक ठिकाणी एक सिस्टर कोपऱ्यात उभी राहून सगळ्यांच्या वतीने टिका मारते, ते करू देऊ नका. चीर देण्याआधी दोन मिनिटं हात थांबवा, प्रत्येकाने नाव सांगायचं, आणि सर्जनने स्वतः तीन गोष्टी सांगायच्या: आज काय करणार, कुठे अडकू शकतं, अडकलं तर काय. आणि शेवटी "मी चुकतोय असं वाटलं तर बोला" हे तोंडाने म्हणायचं. एकदा नाव घेतलेला माणूस नंतर बोलतो, बिननावाचा माणूस गप्प राहतो, हे मी बघितलंय.

हे सगळं शास्त्र म्हणून वाचायचं असेल तर नॉट्स नावाची पद्धत शोधा, स्कॉटलंडमध्ये सर्जनांसाठी तयार केलेली. चारच भाग: आजूबाजूचं भान, निर्णय, संवाद आणि टीमवर्क, नेतृत्व. एका मित्राला महिन्यातून एक केस नुसती बघायला बोलवा आणि त्या चार भागांत मार्क द्यायला सांगा. लाज वाटते, पण फुकटात एवढं ट्रेनिंग दुसरं नाही.

६. मृत्यूच्या मीटिंगला पुढच्या बाकावर बसा

मॉर्टॅलिटी मीटिंगला लोक दोन कारणांनी जातात, एक सही करायला आणि दुसरं कोणाची तरी जिरवायला. तुमची केस असेल तर स्वतः मांडा, ज्युनियरला उभं करू नका. घटना वेळेनुसार सांगा, "पेशंट मुळातच खराब होता" ने सुरुवात नको. शेवटी पुढच्या केसला काय वेगळं करणार ते एक वाक्य, आणि ते कोण करणार त्याचं नाव.

हे एवढं का महत्त्वाचं ते ब्रिस्टलच्या प्रकरणात दिसतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला १९८४ ते १९९५ या काळातल्या लहान मुलांच्या हार्ट सर्जरीची चौकशी झाली, इयान केनेडी यांचा रिपोर्ट २००१ ला आला. १९९१ ते १९९५ मध्ये एक वर्षाखालची ३० ते ३५ मुलं अपेक्षेपेक्षा जास्त गेली होती. स्टीफन बोल्सिन नावाचे ॲनेस्थेटिस्ट आकडे घेऊन आधीपासून सांगत होते, पण सत्ता मोजक्या लोकांच्या हातात, बाकीच्यांचं ऐकणार कोण. रिपोर्टमध्ये त्याला क्लब कल्चर म्हटलंय. आपल्याकडे त्याला "सरांना कोण सांगणार" म्हणतात.

आणि दुसरी बाजू पण आहे. हार्ट-लंग मशीनवर पहिलं यशस्वी ऑपरेशन करणारे जॉन गिबन, ६ मे १९५३, त्यांचे त्यानंतरचे पेशंट गेले आणि त्यांनी हे काम सोडून दिलं. एवढा मोठा माणूस. तेव्हा तुमचा पेशंट टेबलवर गेला आणि रात्री झोप लागली नाही तर तुम्ही कच्चे आहात असं नाही. दुसऱ्या दिवशीची लिस्ट कोणाबरोबर तरी करा, एकटे नको. मी एकदा एकट्याने रेटली, पुढच्या पेशंटला काही झालं नाही पण दिवसभर मी कोणाशी बोललो नाही आणि टीममध्ये तो दिवस अजून काढून दाखवला जातो.

७. ज्युनियरच्या हातात सुई द्या

शिकवायला कन्सल्टंट व्हावं लागत नाही, दुसऱ्या वर्षाचा पहिल्याला शिकवू शकतो. झ्विश नावाची चार पायऱ्यांची पट्टी आहे, झ्विशेनबर्गर या अमेरिकन थोरॅसिक सर्जनच्या नावावरून, म्हणजे आपल्याच बिरादरीतली. पहिल्यात तुम्ही करता आणि बोलून दाखवता, दुसऱ्यात तो करतो आणि तुम्ही हात धरून मदत करता, तिसऱ्यात मदत फक्त असिस्टंटसारखी, चौथ्यात तुम्ही नुसते बघता. केसच्या आधी ठरवा की आज व्हेन (पायातली शीर) काढणं चौथ्या पायरीवर आणि वरचं प्रॉक्सिमल (ती महाधमनीला जोडणं) दुसऱ्यावर. ठरवलं नाही की मधेच "दे इकडे" होतं, आणि त्या पोराला कळतच नाही चुकलं काय. केस संपल्यावर हात धुताना दोन मिनिटं, एक बरं झालेलं आणि एक पुढच्या वेळचं. बस.

८. असोसिएशन, कॉन्फरन्स, परदेश

आयएसीटीएस, म्हणजे आपल्या देशातली हार्ट-चेस्ट सर्जनांची संघटना, तिचं मेंबर व्हा, वार्षिक कॉन्फरन्सला जा आणि पहिल्या वर्षीच पोस्टर तरी टाका. संघटनेचं स्वतःचं जर्नल आहे, एखादी वेगळी केस असेल तर तिथे पाठवून बघा, पेशंटची लेखी परवानगी आधी. बाहेरच्यांत अमेरिकेची एसटीएस १९६४ पासूनची, एएटीएस १९१७ ची, युरोपची ईएसीटीएस १९८६ ची. ईएसीटीएसचा सर्जनांसाठी वेगळा लीडरशिपचा कोर्स असतो, कन्सल्टंट होऊन दोन-तीन वर्षं झाली की जा, रेसिडेंट असताना गेलात तर परत येऊन राबवायला काही हातात नसतं.

खर्चाला कंपनी पुढे येईल, तिकीट काढून देतो सर म्हणेल. घेऊ नका, एथिक्सच्या नियमांत २००९ च्या दुरुस्तीनंतर कंपनीकडून प्रवास आणि पाहुणचार घ्यायला मनाई आहे.

परदेशी फेलोशिपमध्ये गोव्यातल्या माणसाचा एक हमखास गोंधळ होतो. आपल्याला जीएमसी म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, १८४२ च्या पोर्तुगीज मेडिकल स्कूलपासूनची परंपरा. इंग्लंडात जीएमसी म्हणजे तिथलं जनरल मेडिकल काउन्सिल. मी एका ईमेलमध्ये दोन्ही लिहिले आणि तिकडची बाई दोन दिवस बुचकळ्यात. त्या जीएमसीला इंग्रजीच्या परीक्षेत, म्हणजे आयईएलटीएसमध्ये एकूण साडेसात, प्रत्येक भागात किमान सात, किंवा ओईटीत सगळीकडे बी लागतो. गुड स्टँडिंगचं सर्टिफिकेट (तुमच्यावर कारवाई नाही असं आपल्या काउन्सिलचं पत्र) तीन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही, म्हणून ते सगळ्यात शेवटी काढा, लोक उत्साहात सगळ्यात आधी काढतात आणि परत काउन्सिलच्या खेपा.

९. परत आल्यावर पहिली नोकरी

गोवा लहान आहे. पेडण्यात केलेलं भांडण काणकोणला कळतं. पगारापेक्षा आधी हे विचारा: ॲनेस्थेटिस्ट फुलटाइम आहे की मडगावहून फोनवर येतो, परफ्युजनिस्ट किती, रक्त कुठून येतं आणि किती वेळात, स्वतःच्या नावावर केसेस कधीपासून, नोटीस पिरियड किती. सरकारी विम्याच्या स्कीमचं काम समजून घ्या. गोव्याच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाख, त्यात व्हॉल्व्ह आणि आयसीयूचे दिवस बसवताना सर्जनलाच बोलावं लागतं. सिंधुदुर्ग आणि कारवारच्या पेशंटचं कार्ड वेगळं, ते ॲडमिशनलाच बघा, ऑपरेशननंतर नाही.

आणि कॉन्ट्रॅक्टवर सही करायच्या आधी एकदा त्या हॉस्पिटलच्या आयसीयूत रात्री अकरा वाजता, न सांगता, जाऊन बघा ड्युटीवर कोण आहे आणि ड्रेनचा (छातीतल्या नळीतून किती रक्त आलं त्याचा) आकडा शेवटचा किती वाजता लिहिलाय.